चाळीस ओव्हरचं इंजिन

परभणीतल्या आपल्या गाळ्यात इंजिनं बांधणाऱ्या चाचांनी क्रँक दोरीनं आढ्याला टांगला, तो हलायचा थांबेपर्यंत वाट पाहिली आणि लहान हातोडीनं त्याच्या अंगावर एकच टोला दिला. देवळातल्या घंटेसारखा आवाज निघाला आणि पत्र्याखाली बराच वेळ रेंगाळला. "बोल रहा है," चाचा म्हणाले. तडा गेलेला क्रँक असा बोलत नाही, बद्द वाजतो.

तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. क्रँक खाली उतरवून त्यांनी तो रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवला. सकाळी कोरड्या फडक्यानं स्वच्छ पुसला आणि शाळेतल्या खडूची पूड करून प्रत्येक जर्नलच्या, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाच्या, कोपऱ्यात बोटानं चोळली. डोळ्यांना न दिसणारी चीर असली तर तिच्यात मुरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर केसाएवढी काळी रेघ उमटते. आम्ही अर्धा तास त्या लोखंडाकडे बघत बसलो होतो. रेघ उमटली नाही.

एवढी खातरजमा करायला कारण होतं. मामांची अँबेसेडर, मार्क फोर, पेट्रोल. सेलूला मामांचा कापसाचा व्यापार होता तेव्हाची. १९९६ मध्ये तिचं इंजिन एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपमधून पूर्ण बांधून आणलं होतं. दोन महिन्यांत, मानवत रोडच्या अलीकडे, क्रँक मधोमध तुटला. मी तेव्हा मागच्या सीटवर होतो. आवाज मोठा झाला नाही, गाडी फक्त एकदम मुकी झाली. तुटलेला तुकडा बघितल्यावर चाचांनी त्या दिवशी जे दाखवलं, ते मी विसरलेलो नाही. जर्नल जिथं क्रँकच्या पात्याला मिळतं तिथं एक गोलाई असते. ग्राइंडिंग करणाऱ्यानं ती राखली नव्हती, कोपरा काटकोनात कापला होता. सगळा ताण त्या धारेवर येऊन बसला. कापड फाडताना आधी कात्रीनं टचका मारतात, तसंच ते झालं होतं. मामांनी जुन्या बाजारातून दुसरा क्रँक आणून घातला आणि गाडी चालू ठेवली, पण त्यांचं मन उडालं. पुढं ती आखाड्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच.

मागच्या वर्षी मामा पंचाहत्तर वर्षांचे झाले आणि म्हणाले, "एकदा बांधू या तिला. पण यावेळी परभणीतच, माझ्या डोळ्यांसमोर."

परभणी जिल्ह्यात 'बोअर' म्हटलं की आधी जमिनीतला बोअर आठवतो. किती फूट मारला, पाणी लागलं का, केसिंग किती टाकलं. चाचांच्या गाळ्यातही निम्मं काम पाण्याशीच जोडलेलं. मोटारींचे शाफ्ट, पंपांचे बुश, मळणी यंत्रांची इंजिनं. त्याच गाळ्यात दुसरा बोअर चालतो, सिलिंडरचा. दोन्हीकडे प्रश्न मात्र एकच असतो: अजून किती खोल जायचं आणि कुठं थांबायचं.

हेड उतरवल्यावर चाचांनी बोअर गेज आत सोडला. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या टोकाशी, जिथं रिंगा थांबून उलट फिरतात, तिथं आग सर्वांत जास्त आणि तेल सर्वांत कमी, म्हणून झीज तिथं जास्त. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका होताना पिस्टनला एका बाजूला दाबतो, त्यामुळे गोलाचा हळूहळू अंडाकार होतो. वरून खाली आणि आडवं-उभं असं माप घेत घेत त्यांनी ब्लॉकवरच खडूनं आकडे लिहिले. चारही सिलिंडर आधीच 'वीस ओव्हर' होते, म्हणजे मूळ मापाहून वीस हजारांश इंच मोठे. ते १९९६ चं काम. आता झीज एवढी होती की पुढची पायरी चाळीसच. अँबेसेडरच्या या इंजिनाला दहा, वीस, तीस आणि चाळीस ओव्हरचे पिस्टन मिळतात. चाळीसनंतर स्लीव ठोकून परत मूळ मापावर यावं लागतं.

इथं मी एक हिशेब केला आणि त्यातून हा सगळा प्रवास सुरू झाला. या इंजिनाचा मूळ बोअर ७३.०२५ मिलिमीटर, स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर, चार सिलिंडर मिळून १४८९ सीसी. वीस ओव्हर झाल्यावर ते १५१० झालं होतं. चाळीस ओव्हर केल्यावर १५३१ होणार. म्हणजे रीबोअर झालेली प्रत्येक जुनी गाडी तिच्या कागदावर लिहिलेल्या आकड्याहून थोडी मोठी असते. आपण त्याला दुरुस्ती म्हणतो, पण इंजिन प्रत्येक दुरुस्तीत वाढत असतं. लोखंड कमी होतं आणि पोकळी वाढते, आणि इंजिनाचं बळ त्या पोकळीत असतं.

या इंजिनाचं घराणंच बोअर वाढवून मोठं झालेलं आहे. १९४७ च्या ऑस्टिन ए-४० मध्ये त्याचा पूर्वज होता १२०० सीसीचा: बोअर ६५.५, स्ट्रोक ८८.९. त्यावरून ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशननं बी-सिरीज इंजिन घडवलं. १९५३ मध्ये एमजी मॅग्नेटमध्ये १४८९ सीसीचं रूप आलं, तेच पुढं उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्समध्ये अँबेसेडरच्या बॉनेटखाली बसलं. विलायतेत मात्र ते थांबलं नाही. १९५९ मध्ये एमजीए या स्पोर्ट्स कारसाठी १५८८, मग ७६.२ मिलिमीटर बोअरनं १६२२ आणि १९६२ मध्ये एमजीबीसाठी ८०.२६ मिलिमीटर बोअरनं १७९८ सीसी. या सगळ्या काळात स्ट्रोक तोच राहिला, साडेतीन इंच, म्हणजे ८८.९. आपल्याकडे १४८९ वर काटा थांबला तो कित्येक दशकं हलला नाही. कलेक्टर, आमदार, लग्नातला नवरदेव, सगळ्यांना याच १४८९ नं वाहून नेलं.

हे कळल्यावर मला मोह झाला. सरळ ७६.२ का करू नये? चाचांनी ब्लॉकच्या भिंतीवर नख वाजवलं. "अंदर पानी फिरता है, भाई." ७३.०२५ वरून ७६.२ वर जायचं तर व्यासात सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास आणि प्रत्येक भिंतीतून दीड मिलिमीटरहून जास्त लोखंड जाणार. ओतकामात आतला गाभा जरासा सरकलेला असला तर भिंत एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ असते. बाहेरून ते दिसत नाही. विलायतेतल्या कारखान्यानं मोठ्या बोअरसाठी ओतकामच बदललं होतं, आपल्या हाती चाळीस वर्षांपूर्वी ओतलेला ब्लॉक होता. परभणीत मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. पातळ भिंतीचं इंजिन त्या उन्हात, जिंतूरच्या घाटात, बैलगाडीमागं दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असताना काय करील, याची कल्पना करायला मला वेळ लागला नाही.

म्हणून चाळीसवर थांबायचं ठरलं. बोरिंग बार ब्लॉकवर घट्ट बसवला. त्याचं एकच टोक असलेलं कटर सिलिंडरमध्ये फिरत खाली उतरतं आणि बीडाचा काळा भुसा खाली सांडतो. बीडात ग्रॅफाइट असतं, त्यामुळे तो भुसा बोटाला लागला की काजळासारखा पसरतो आणि दोन दिवस निघत नाही. शेवटचे दोन-तीन हजारांश चाचांनी कटरनं घेतले नाहीत, ते होनिंगच्या दगडांसाठी ठेवले. होनिंग करताना हात वर-खाली अशा गतीनं चालवायचा की भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघा उमटतील. त्या रेघांत तेल थांबतं. गुळगुळीत आरशासारखा सिलिंडर दिसायला सुंदर, पण त्यात रिंगा बसत नाहीत आणि इंजिन ऑइल पीत राहतं. चाचांनी मला टॉर्च देऊन आत बघायला सांगितलं. सतरंजीची वीण असावी तशा त्या रेघा दिसत होत्या.

बोअरचा विषय संपला, असं मला वाटत होतं. स्ट्रोकचा विषय चाचांनीच काढला.

स्ट्रोक म्हणजे पिस्टन वरून खाली जितका चालतो ते अंतर. सायकलच्या पायडलचा दांडा लांब केला तर पाय जास्त मोठा गोल फिरतो, तसं क्रँकचं जर्नल मध्यापासून जितकं दूर तितका स्ट्रोक मोठा. जर्नल एक मिलिमीटर बाहेर सरकलं की स्ट्रोक दोन मिलिमीटर वाढतो. एक वर, एक खाली. अँबेसेडरच्याच इतिहासात याचं उदाहरण आहे. पुढच्या काळात तिच्यात आणि हिंदुस्थान मोटर्सच्याच काँटेसात इसुझूची इंजिनं आली, पीथमपूरच्या कारखान्यात बनलेली. त्यांतल्या डिझेलच्या घराण्यातलं १८१७ सीसीचं रूप ८४ मिलिमीटर बोअर आणि ८२ मिलिमीटर स्ट्रोकचं, तर १९९५ सीसीचं रूप त्याच ८४ बोअरवर ९० मिलिमीटर स्ट्रोकचं. बी-सिरीज बोअरनं वाढली, इसुझू स्ट्रोकनं. एका गाडीच्या बॉनेटखाली दोन्ही रीती होऊन गेल्या, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते आणि अँबेसेडरच्या आठवणी लिहिणाऱ्यांकडून ती नेहमी सुटते.

पण कारखाना नवा क्रँक घडवू शकतो. गाळ्यात जुनाच क्रँक असतो. मग चाचांनी फरशीवर खडूनं एक गोल काढला, त्याच्या आत त्याहून लहान दुसरा गोल काढला, पण मधोमध नाही, बाहेरच्या कडेला चिकटवून. "ये जर्नल. चालीस अंडर तो जाना हीच है. इधर से खाया तो इस्टोक बढता, उधर से खाया तो घटता. बीच से खाया तो कुछ नई होता, लोहा गया फुकट."

मी त्या दोन गोलांकडे बघत राहिलो. जुन्या बाजारातून आणलेला तो दुसरा क्रँक कधीच ग्राइंड झालेला नव्हता, मूळ मापाचा होता. आता जर्नल खरवडली होती, ती गोल करून घ्यावीच लागणार होती. चाळीस हजारांश इंच अंडर, म्हणजे व्यासात एक मिलिमीटर, इथपर्यंतची बेअरिंगची शेलं बाजारात तयार मिळतात. तेवढं लोखंड भुशात जाणारच होतं. ते सगळीकडून सारखं काढण्याऐवजी आतल्या बाजूनं, क्रँकच्या मध्याकडच्या बाजूनं, जास्त काढलं की जर्नलचा मध्य बाहेर सरकतो. आणि नशिबानं जर्नलची झीजही त्याच आतल्या बाजूला जास्त असते, कारण वेगात फिरताना कनेक्टिंग रॉड बाहेर फेकला जाऊ पाहतो आणि जर्नल त्याला आतल्या अंगानं ओढून धरतं. मायक्रोमीटर लावून बघितलं तर तसंच निघालं. बाहेरची बाजू जवळजवळ अभंग होती.

पूर्ण अर्धा मिलिमीटर सरकवता आलं नसतं, कारण बाहेरच्या बाजूवरही थोडी सफाई लागतेच. चाचांनी ०.४ ठरवलं. क्रँक नांदेडला ग्राइंडिंगला नेला तेव्हा ते स्वतः माझ्यासोबत आले, मशीनवाल्याला चारही जर्नलचा मध्य एकसारखा सरकवून घ्यायला लावला आणि दगडाची कड गोल करून घेतल्याशिवाय चाक जर्नलला लावू दिलं नाही. ती गोलाई. १९९६ ची गोलाई. परत आल्यावर त्यांनी एक नाणं त्या कोपऱ्यात टेकवून मला दाखवलं, कड कुठंच रुतत नव्हती.

स्ट्रोक ८८.९ चा ८९.७ झाला आणि इंजिन १५४५ सीसीचं. मूळ आकड्याहून छप्पन्न सीसी जास्त, शंभराला पावणेचार. शर्यतीच्या मैदानावर या आकड्याला कुणी मान वर करून बघणार नाही. परदेशात जुन्या गाड्यांची इंजिनं लिटर-दीड लिटरनं वाढवणारे लोक आहेत, त्यांच्याकडे खास घडवलेले क्रँक आणि पिस्टन असतात. मला मात्र हे छप्पन्न सीसी त्याहून मोठे वाटतात. दुष्काळी भागात वाढलेल्या माणसाला, वाहून जाणारं पाणी बांध घालून आपल्याच वावरात जिरवण्यात जे समाधान असतं, ते यात होतं.

पण वाढवलेली प्रत्येक गोष्ट दुसरीकडे काहीतरी मागते. जर्नल ०.४ बाहेर गेलं म्हणजे पिस्टनही वरच्या टोकाला ०.४ मिलिमीटर जास्त वर येणार. आमचं कॉम्प्रेशन ७.२ ला १ धरलं तर मूळ मापाच्या प्रत्येक सिलिंडरवर साठ सीसीची पोकळी हेडखाली उरत होती. पिस्टन वर आल्यानं तिच्यातले पावणेदोन सीसी गेले, शिवाय खालून जास्त हवा दाबली जाणार. हिशेब ७.६ वर आला. आजच्या पेट्रोलला ते पेलतं, इंजिन खडखडत नाही. हेडला फेसिंग करताना मात्र चाचांनी फक्त वाकडेपणा जाईल इतकंच घासलं, एक दोरा जास्त नाही. मग पिस्टनच्या माथ्यावर मळलेल्या कणकेची गोळी ठेवली, हेड बसवलं, क्रँक हातानं फिरवला आणि हेड परत काढून चपटी झालेली कणीक ब्लेडनं कापून तिची जाडी मापली. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात पुरेसं अंतर होतं.

पेट्रोलचा दुसरा प्रश्नही निघाला. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. त्यातलं काही गंगाखेड-पाथरीकडच्या उसातूनच आलेलं असेल. इथेनॉलला जाळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या कार्ब्युरेटरच्या मापानं मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन तापतं. जेट थोडा मोठा करावा लागला. रबरी नळ्या सगळ्या बदलल्या, कारण जुनं रबर इथेनॉलनं फुगून मऊ पडतं.

एक गोष्ट आम्ही बदलली नाही. या हेडला, हॅरी वेस्लेकच्या त्या प्रसिद्ध रचनेला, हवा आत घेण्याच्या वाटा दोनच आहेत. पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरला मिळून एक, तिसऱ्या-चौथ्याला मिळून एक. पोट वाढलं तरी घसा तोच. म्हणून अशा कामातून वेग वाढत नाही. फायदा होतो तो खालच्या फेऱ्यांत, जिथं इंजिन सावकाश श्वास घेतं: चढावर, चिखलात, पाच माणसं आणि दोन पोती भरलेली असताना. आमच्याकडच्या रस्त्यांना तेच हवं असतं.

बांधणीच्या आदल्या दिवशी चाचांनी चारही पिस्टन, पिना आणि कनेक्टिंग रॉड पिशवीत घातले आणि आम्ही ओळखीच्या सराफाकडे गेलो. सोन्याच्या तराजूवर पिस्टन ठेवलेला त्या दुकानातल्या बायकांनी पहिल्यांदाच पाहिला असेल. सगळ्यांत हलका पिस्टन बाजूला ठेवला आणि बाकीच्या तिघांच्या आतल्या बाजूचा जाड धातू कानशीनं घासत घासत त्याच्या वजनाला आणलं. तीन मेन बेअरिंगवर फिरणाऱ्या क्रँकला एवढी दया दाखवली पाहिजे, असं चाचांचं म्हणणं.

कागदांचं काम मामांनी हट्टानं आधी केलं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी गाडी जुळली पाहिजे, आणि तिथं १४८९ लिहिलेलं आहे. रीबोअर ही सगळीकडे चालणारी दुरुस्ती आहे, पण आम्ही स्ट्रोकला हात लावला होता, तोही समजून-उमजून. मामांनी एमएच-२२ च्या परिवहन कार्यालयात अर्ज दिला. उत्तर येईपर्यंत गाडी वावराच्या रस्त्यावरच फिरवायची, असं त्यांनी स्वतःच ठरवलं.

चाचांचा मुलगा त्याच गाळ्यात लॅपटॉप घेऊन बसतो. नव्या गाड्यांना स्कॅनर लावून तो बिघाड सांगतो, आणि त्यात तो हुशार आहे. पण आजच्या कितीतरी इंजिनांना कंपनी ओव्हरसाइज पिस्टन देतच नाही. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, सिलिंडरला पातळ लेप, झिजला की टाकून नवा. त्या इंजिनांना चाळीस ओव्हर नावाची पायरीच नाही. मला याचं वाईट वाटतं, आणि ते मी लपवत नाही. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आमच्याकडे लोक म्हणतात. खडूच्या पुडीत चीर शोधणारा आणि खरवडलेल्या जर्नलमध्ये स्ट्रोक शोधणारा माणूस बघितला की मला ते म्हणणं पटतं. चाचांची मापं कुठल्याच पुस्तकात नाहीत. त्यांची वही आहे, किराणा दुकानात मिळते तसली लांब वही, तिच्यात उर्दूत आकडे आणि गाड्यांची वर्णनं आहेत. मी त्यांना विचारून तिच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून घेतला आहे.

दिवाळीच्या आधी इंजिन सुरू झालं. पहिल्या किल्लीला नाही, चौथ्याला. अर्धा तास ते मध्यम फेऱ्यांवर चालू ठेवलं, मग ऑइल आणि फिल्टर बदलला, हेडचे नट परत ओढले, टॅपेट परत लावले. पहिले काही शे किलोमीटर गाडीवर जोर टाकायचा नाही, आणि एकाच वेगानंही चालवायची नाही, असं चाचांनी मामांना दोनदा बजावलं.

दुधनेकाठच्या आखाड्यावरून वर येणारा चढ मामांच्या ओळखीचा आहे. काळ्या मातीचा, ओबडधोबड, मध्ये एक वळण. तिथं या गाडीला कायम दुसरा गिअर लागायचा. त्या संध्याकाळी मागं आम्ही तिघं आणि सरकीचं एक पोतं होतं. वळणाशी मामांचा हात सवयीनं गिअरच्या दांड्याकडे गेला.

"रहने दो," चाचा पुढच्या सीटवरून म्हणाले.

मामांनी हात परत स्टिअरिंगवर ठेवला. फेऱ्या खाली आल्या, इंजिनाचा आवाज जाड झाला, पण तुटला नाही. गाडी तिसऱ्यातच वर आली.

वर आल्यावर मामांनी इंजिन बंद केलं. कुणी काही बोललं नाही. चाचांनी खाली उतरून बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी ओढून काढली, पांढऱ्या फडक्यावर पुसली आणि ते फडकं मावळतीच्या उन्हात धरून जवळून बघितलं. धातूचा कण असता तर चमकला असता. त्यांनी फडक्याची घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.